बॉयलरचा लो वॉटर हूटर रोज सकाळी वाजतो. हूटर बदलू, मोब्रे (पाण्याच्या पातळीवर चालणारा स्विच) बदलू की आणखी काही?

चादरवाली_इंदूर

नमस्कार. सांवेर रोडला आमची लाँड्री आहे, दवाखान्यांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल. सासऱ्यांनी सुरू केली, त्यांच्या गुडघ्यांनी संप केल्यापासून मी बघते. मी शिकले कॉमर्स. बॉयलर हाऊसमध्ये जाताना अजूनही ओढणी खोचून आणि तोंड बंद ठेवून जाते.

बॉयलर ताशी ८५० किलोचा, स्मोक ट्यूब, ब्रिकेटवर (भुसा-काडीकचरा दाबून केलेल्या कांड्यांवर) चालतो. पाटीवर दाब १०.५४ किलो लिहिलाय, आम्ही सातच्या आसपास चालवतो. रोज सकाळी साडेआठला दोन्ही कॅलेंडर (चादरी इस्त्री करणारे वाफेचे रोलर) लावले की पाच-सात मिनिटांत लो वॉटरचा, म्हणजे पाणी कमी झाल्याचा, हूटर बोंबलतो. मिनिटभर वाजतो, मग गप्प. दिवसातून आणखी दोनदा तरी हेच.

परवा सकाळी वाजला नाही. मला बरं वाटलं. दुपारी पॅनलपाशी गेले तर हूटरची वायर काढून, टोकाला टेप गुंडाळून, नीट बाजूला वळवून ठेवलेली! आमचे ऑपरेटर (आम्ही उस्ताद म्हणतो, सर्टिफिकेटवाले आहेत, अकरा वर्षं आमच्याकडे) म्हणाले, "मॅडम, ये झूठा बजता है. कांच में पानी आधा रहता है." मी बघितलं, बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणारी काच खरंच अर्धी भरलेली होती.

वायर परत लावून घेतली. पण आता शेजारचा गाळेवाला म्हणतो मोब्रे बदला, इलेक्ट्रिशियन म्हणतो हूटर बदला. पैसे घालायचेच तर योग्य जागी घालावेत. नक्की काय बघू?

पॅनल_दादा

सोपं आहे. हूटरच्या आधी दोन मिनिटांचा टायमर टाका. मिनिटभर वाजून बंद होतो म्हणता ना, मग वाजणारच नाही. चिल्लर खर्चाचं काम.

जुना_फायरमन

टायमरवाले भाऊ, राग मानू नका, पण हे म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्याच्या तोंडाला फडकं बांधणं झालं. टाकू नका ताई टायमर.

मी इंदूरच्याच एका कापड गिरणीत बॉयलरवर होतो, गिरणी बंद पडल्यावर पीथमपूरला. वडील त्याच बॉयलर हाऊसमध्ये. नंदानगरला घर होतं, गिरणीच्या भोंग्यावर आमची शाळा आणि आईची चूल चालायची. आमचे लँकेशायर बॉयलर, पोटात दोन जाडजूड नळ्या, दोन्हींत कोळशाची भट्टी. वर एक सेफ्टी व्हॉल्व असा होता की दाब वाढला तरी उठायचा आणि पाणी उतरलं तरी उठायचा. आत लिव्हरला एक जड गोळा टांगलेला, दुसऱ्या बाजूला तोलाचं वजन. गोळा पाण्यात असेतो हलका, पाणी उतरून उघडा पडला की जड. जड झाला की लिव्हर ओढणार आणि वाफच किंचाळत बाहेर पडणार. वायर नाही, पॅनल नाही, टेप नाही. त्याला गप्प करायला वर चढून दाखवा!

आता "झूठा बजता है". हे वाक्य मी पण म्हटलेलं आहे. नवीन होतो, रात्रपाळी. काच बघितली, गच्च भरलेली. म्हटलं पाणी जास्तच आहे, पंप कशाला लावू. आमचे उस्ताद तंबाखू मळत आले, कानाच्या मागची पेन्सिल काढली आणि काचेच्या मागे तिरपी धरली. म्हणाले, बघ. पेन्सिल जशी होती तशीच दिसली. काचेच्या नळीत पाणी असतं तर पेन्सिल उलट्या बाजूला कललेली दिसली असती. गच्च भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच, दोन्ही सारख्याच दिसतात ताई, मधे रेघ नसते ना. त्या रात्री काय झालं असतं ते लिहीत नाही. कानाखाली मिळाली, ती अजून आठवते. काही काचांच्या मागे तिरप्या काळ्या पट्ट्यांची पाटी असते ती शोभेची नाही, तिचं काम त्या पेन्सिलीचंच. रिफ्लेक्स काच असेल तर पाणी काळं दिसतं आणि वाफ चांदीसारखी.

तुमच्या अर्ध्या काचेबद्दल. तुम्ही ती पाहिली दुपारी, हूटर वाजतो साडेआठला. पाहिलेलं खरं, पण वेळ चुकली. उद्या साडेआठला काचेसमोर उभ्या रहा. आणि त्याआधी काच खरं बोलते का ते उस्तादांकडून तपासून घ्या, तुमच्या समोर. काचेला तीन कॉक (तोट्या) असतात, वर वाफेचा, खाली पाण्याचा, तळाला ड्रेनचा. पाण्याचा बंद करून ड्रेन उघडला की नुसती वाफ जोरात आली पाहिजे. वाफेचा बंद करून पाण्याचा उघडला की पाणी जोरात आलं पाहिजे. मग ड्रेन बंद करून दोन्ही उघडले की पाणी उसळी मारून आपल्या जागी येतं. मुंगीच्या चालीने वर सरकत असेल तर पाण्याचा रस्ता गाळाने चोंदलाय. आणि वरच्या, वाफेच्या बाजूला गळती असेल तर काच असल्यापेक्षा जास्त पाणी दाखवते. माझ्या मते हे सगळ्यात वाईट, कारण बघणारा निश्चिंत असतो. बॉयलरला काचा दोन असतात त्या एवढ्यासाठीच. दोन्ही जुळतात का बघा. उस्ताद काचेच्या समोरून नाही, बाजूला उभे राहून कॉक फिरवतात ना, तेही बघा.

लेव्हलवाला_बडोदा

काकांना नमस्कार. मी मकरपुऱ्यात लेव्हल आणि पॅनलचीच कामं करतो. ताई, लक्षणांवरून तुमचा हूटर खरा वाजतोय असं मला वाटतं.

सोड्याची बाटली उघडली की काय होतं? दाब उतरतो, बुडबुडे फुगतात, सोडा वर येतो. बॉयलरमध्ये तेच. दोन्ही कॅलेंडर एकदम लागले की दाब सातवरून धाडकन खाली येतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि लेव्हल चढल्यासारखी दिसते. मोब्रेला वाटतं पाणी भरपूर आहे, तो पंप बंद करतो. इकडे वाफ तर भराभर निघून चाललीय. थोड्या वेळाने बुडबुडे बसतात आणि खरी लेव्हल उघडी पडते. पंप लागतो, टाकीतलं गार पाणी आत येतं, त्याने उरलेले बुडबुडेही आकसतात, लेव्हल आणखी उतरते. हूटर! पंपाने भरून काढलं की गप्प. तुमची पाच-सात मिनिटं इथे बसतात.

मेन स्टीम व्हॉल्व कसा उघडतात ते बघा. आणि एक कॅलेंडर लावा, दाब सावरू द्या, मग दुसरा. पण सुरुवातीला काच गळ्यापर्यंत भरून ठेवायची युक्ती करू नका. पाणी जास्त झालं की ते वाफेबरोबर लाईनमध्ये जातं, पाईप ठणाठण वाजतात आणि चादरी ओल्याच निघतात.

दांडियाबाजार_मास्तर

विषय निघालाय म्हणून. ८ सप्टेंबर १८०३ ला लंडनजवळ ग्रिनिचला रिचर्ड ट्रेव्हिथिकचा एक पंपाचा बॉयलर फुटला, चार माणसं गेली. ज्या पोराला लक्ष ठेवायला बसवलं होतं तो ईल मासे पकडायला गेला होता. त्यानंतर ट्रेव्हिथिकने भट्टीच्या माथ्यावर शिशाचा डाट बसवायला सुरुवात केली. पाणी उतरून माथा उघडा पडला की डाट वितळावा आणि वाफ भट्टीत सुटावी. आजचा फ्युज प्लग तो हाच. पोरगा मासे धरायला गेला तरी चालेल अशी व्यवस्था!

चादरवाली_इंदूर

बडोद्याचे दादा, अगदी तसंच होतं. आज साडेआठला काचेसमोर उभी राहिले. उस्तादांनी व्हॉल्व एका झटक्यात फिरवला, काचेत पाणी आधी दोन बोटं वर गेलं, पंप बंद झाला, आणि मग असं उतरलं की माझ्या पोटात गोळा आला. हूटर वाजला तेव्हा पाणी खरंच कमी होतं. उस्ताद पण गप्प. दुपारी हळूहळू उघडायला लावला, एक-एक कॅलेंडर, तर वाजलाच नाही. काचा दोन्ही तपासल्या, जुळतात.

म्हणजे खर्च शून्य? मग मोब्रेला हात लावायचं काही कारण नाही ना? आमच्याकडे मोब्रेचे ते लोखंडी डबे दोन आहेत. आणि काका, तो फ्युज प्लग आहे, तर एवढी काळजी कशाला?

जुना_फायरमन

थांबा. अर्धंच काम झालंय.

आधी प्लग. त्याच्या पोटात कथील असतं, ते २३२ अंशाला वितळतं. सात किलो दाबाला तुमचं पाणी १७० अंशाच्या आसपास असतं, म्हणजे पाण्याखाली असेतो प्लगला धोका नाही. पण त्याच्यावर क्षाराचा थर चढला की तो वितळूनही वाफ सुटत नाही, आणि वर्षानुवर्षं तोच प्लग ठेवला तर कथिलाचीच राख होते, ती काही वितळत नाही. इंदूरच्या बोअरचं पाणी कसं आहे ते बादलीचा तळ बघून कळतं. सॉफ्टनर नीट चालतोय ना? प्लग वेळेवर बदलायचा. आणि तो शेवटचा. तो वितळला म्हणजे वरचे सगळे झोपले होते.

दुसरा डबा म्हणजे दुसरा मोब्रे. पहिला पंप चालू-बंद करतो आणि हूटर वाजवतो. दुसऱ्याचं काम एकच, पाणी त्याहून खाली गेलं तर आगीला हवा देणारे पंखे बंद पाडायचे आणि हाताने रीसेट केल्याशिवाय परत लागू द्यायचे नाहीत. तो रोज वाजत नाही म्हणून त्याची कुणाला आठवण नसते. तुमच्याकडे तर तो जास्त मोलाचा, कारण ब्रिकेटची आग तेलाच्या बर्नरसारखी बटणावर विझत नाही. पंखे थांबले तरी जाळीवरचा निखारा तापत राहतो. त्याने वेळेवर थांबवलं तरच पाणी पुरतं.

रोजची तपासणी म्हणजे डब्याचा ड्रेन उघडायचा, गाळ पण जातो आणि स्विच पडतो का तेही कळतं. पण त्यात डबा रिकामा होतो, बॉयलर नाही. म्हणून अधूनमधून खरोखर पाणी उतरवून बघावं. आग मंद, पंप बंद, ब्लोडाऊन (तळातून पाणी सोडायचा व्हॉल्व) जरा जरा, एक माणूस काचेवर डोळा ठेवून, दुसरा पॅनलवर. हूटर कुठे वाजतो, पंखे कुठे थांबतात, काचेच्या पट्टीवर खूण करा. पंखे थांबायच्या वेळी काचेत पाणी दिसत असलंच पाहिजे. दिसेनासं व्हायला आलं आणि पंखे चालूच असतील तर तिथेच थांबा. उस्तादांशिवाय हे करू नका.

आणि एक लिहून भिंतीवर लावा. कधी काच रिकामी दिसली, खरंच रिकामी, तर पंप लावायचा नाही. सगळ्यांचा हात आधी पंपाकडेच जातो. तापून लाल झालेल्या पत्र्यावर पाणी पडलं तर एका लिटरची मोकळ्या हवेत सोळाशे लिटरवर वाफ होते, हिशेब करा. ब्रिकेट टाकणं बंद, पंखे बंद, माणसं बाहेर, बॉयलर आपोआप गार होऊ द्यायचा. एक दिवसाच्या चादरी राहिल्या तर राहिल्या.

म्हणाल तर शनिवारी येतो. सुदामानगरहून सांवेर रोड काही लांब नाही. पोहे चालतील, जिलबी डॉक्टरने बंद केलीय.

चादरवाली_इंदूर

शनिवारी काका आले होते. (जिलबी खाल्ली. काकू हे वाचत नसतील अशी आशा.)

काकांनी सांगितलं तसं सगळं केलं. उस्ताद ब्लोडाऊनवर, काका काचेपाशी, मी पॅनलवर. पहिला हूटर अगदी खुणेवर वाजला. ज्याला झूठा म्हणत होतो तो बिचारा बरोबर! मग आणखी पाणी उतरवलं. मी पंखे थांबायची वाट बघतेय, पंखे चालूच. काचेत खालच्या नटाच्या वर बोटभर पाणी राहिलं तेव्हा काकांनी हात वर केला. उस्तादांनी ब्लोडाऊन बंद केला, मी हाताने पंखे बंद केले, पाणी काचेत दिसत होतं म्हणून पंप लावला.

डबा चांगला होता, स्विच पडत होता. दोष पॅनलमध्ये निघाला. दोन टर्मिनलच्या मधे तांब्याच्या तारेचा एक वेटोळा तुकडा, दुसऱ्या मोब्रेला बाजूला ठेवून पंख्यांना सरळ रस्ता दिलेला. तारेवर धूळ होती, म्हणजे आजची नाही. उस्तादांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की हूटरची वायर मीच काढली होती, पण ही नाही. माझा विश्वास आहे. तार काढून परत चाचणी घेतली. पंखे थांबले, काचेत अडीच बोटं पाणी असताना.

रात्री फायली काढल्या. सर्व्हिसवाल्यांचं गेल्या वर्षीचं बिल सापडलं, त्यावर एवढंच लिहिलंय (ट्रिपिंग म्हणजे पंखे आपोआप बंद पडणं): "ट्रिपिंग प्रॉब्लेम अटेंडेड."

जुना_फायरमन

ते बिल आणि ती तार एका पाकिटात ठेवा, इन्स्पेक्टर येतील तेव्हा लागेल. आणि पॅनलला कुलूप लावा. एक किल्ली उस्तादांकडे, एक तुमच्याकडे.