शब्दचर्चा : फोनची ‘तपासणी’, ‘झडती’ की ‘पाळत’?

टाकबोरू
मुलांच्या लैंगिक शोषणाचे गुन्हे शोधण्यासाठी फोनमध्येच फोटो आणि संदेश तपासण्याच्या योजनांबद्दल मराठीत लिहिताना तपासणी, छाननी, झडती, पाळत हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास पडतात. एकाच लेखात वर ‘तपासणी’ आणि खाली ‘हेरगिरी’. कुठे काय वापरावं? आणि ‘प्रायव्हसी’ला ‘गोपनीयता’ चालेल का?

कानामात्रा
शेवटचं आधी घेते. गोपनीयता म्हणजे गुपित राखण्याची जबाबदारी. मंत्री ‘पद आणि गोपनीयतेची’ शपथ घेतात ती याच अर्थाने. डॉक्टर आणि वकील आपल्याबाबत पाळतात तीही गोपनीयता. स्वतःच्या फोनमधले फोटो कुणाला दाखवायचे हे ठरवण्याचा हक्क निराळा, तो खासगीपणा. ‘मला गोपनीयता हवी’ म्हटलं की ‘लपवण्यासारखं काय आहे?’ हा प्रश्न हमखास येतो, कारण शब्दातच गुपित बसलेलं आहे. कूटबद्ध संदेशाबाबत मात्र ‘गोपनीयता’ बरोबर: मधल्या कुणाला मजकूर कळू न देणं हेच तिथलं काम. (खासगी की खाजगी हा वाद कृपया वेगळ्या धाग्यावर.)

सोळाआणे
‘स्कॅनिंग’ या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने चुकतात, म्हणून शब्दही तीन हवेत.

पहिलं काम जुळणी. आधीच माहीत असलेल्या बेकायदा फोटोंच्या हॅशची (फोटोवरून गणिताने काढलेल्या अंकी ठशांची) यादी असते, तिच्याशी आपल्या फोटोचा हॅश ताडून पाहायचा. एसएचए-२५६ सारखा नेहमीचा हॅश इथे तोकडा पडतो, कारण एक पिक्सेल बदलला तरी तो पूर्ण बदलतो. म्हणून दिसण्यावरून काढलेला हॅश वापरतात. त्यातला अगदी साधा प्रकार असा: फोटो करड्या छटांत आणायचा, ९ × ८ पिक्सेलइतका लहान करायचा, मग प्रत्येक ओळीत शेजारच्या दोन पिक्सेलपैकी डावा उजळ असेल तर १, नाहीतर ०. ओळीत ८ तुलना, ओळी ८, एकूण ६४ बिट. दोन हॅशमध्ये किती बिट वेगळे आहेत ते मोजायचं; ठरवलेल्या मर्यादेच्या आत असतील तर ‘जुळलं’. मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचे प्राध्यापक हॅनी फरीद यांनी २००९ मध्ये केलेलं फोटोडीएनए आणि फेसबुकने २०१९ मध्ये खुलं केलेलं २५६ बिटांचं पीडीक्यू याहून बरंच पक्कं आहे, पण कल्पना तीच. मर्यादा सैल ठेवली की भलतेच फोटो जुळतात. घट्ट केली की कडा कापलेला फोटो निसटतो.

दुसरं काम अंदाज. यादीत नसलेला फोटो किंवा संभाषण बेकायदा असावं असं यंत्र शिकवलेल्या नमुन्यांवरून ठरवतं. इथे ‘आढळलं’ हे क्रियापद वापरू नये. २०२२ मध्ये उजेडात आलेल्या अमेरिकेतल्या प्रकरणात एका वडिलांनी आजारी मुलाचे फोटो डॉक्टरसाठी काढले होते. गूगलच्या यंत्रणेने ते शोषणाचे ठरवले. पोलिसांना चौकशीत गुन्हा दिसला नाही, तरीही खातं बंदच राहिलं. नुकताच काढलेला तो फोटो कुठल्या यादीत असणं शक्यच नव्हतं. चुकला तो अंदाज.

तिसरं काम छाननी. अर्जांची करतात तशी, माणसाने डोळ्यांनी आणि विचाराने केलेली. यंत्राने वर काढलेलं माणूस पाहतो तेवढ्यापुरताच हा शब्द ठेवावा.

टाकबोरू
आणि ‘चाळणे’? ‘फोन तुमचे फोटो चाळतो’ असं वाचलं.

कानामात्रा
नको. ‘फोटो चाळणे’ म्हणजे सहज, वेळ घालवत पाहणे हा अर्थ पक्का रुजलेला आहे. वाचकाला वाटेल कुणीतरी बसून अल्बम बघतंय. हॅश काढणारं यंत्र त्या अर्थाने काहीच ‘बघत’ नाही.

कलमदान
‘झडती’बद्दल. विरोधक हा शब्द कठोर म्हणून वापरतात, पण त्याने स्कॅनिंगला नको तो मान मिळतो. कायद्याच्या चाकोरीतल्या झडतीत कारण आधी असतं. वॉरंटमध्ये जागा आणि हेतू नोंदलेला, पंच हजर, शेवटी पंचनामा, आणि ज्याची झडती झाली त्याला ती झाल्याचं ठाऊक. फोनमधल्या स्कॅनिंगला यातलं काही लागत नाही आणि संशय शेवटी जन्माला येतो. माझी सूचना ‘सरसकट तपासणी’. ‘सरसकट’ गाळलंत तर मुद्दाच गळाला.

‘पाळत’ ठरावीक माणसावर आणि काही काळ ठेवली जाते. एकेका फोटोची यादीशी जुळणी म्हणजे पाळत नव्हे. खात्यागणिक निकाल साठवून त्यावरून माणसाबद्दल मत बनवू लागलं की पाळत. ‘हेरगिरी’ उघड जाहीर झालेल्या योजनेला लावू नये, ते भाषण होतं.

पैलथडी
सरसकट तपासणी विमानतळावरही होते आणि कुणी तक्रार करत नाही. मुलांचं शोषण हा काल्पनिक गुन्हा नाही. ‘सरसकट’ म्हणून आधीच नाक मुरडणं योग्य आहे का?

कलमदान
विमानतळावर काय न्यायला बंदी आहे ती यादी भिंतीवर लावलेली असते. इथली यादी उघड करता येत नाही: मूळ फोटो बाळगणंच गुन्हा, आणि हॅश खुले केले तर फोटो किती बदलला की निसटतो हे घरबसल्या तपासता येईल. त्यामुळे उद्या यादीत शोषणाच्या फोटोंसोबत एखादं राजकीय चित्र घातलं तरी फोनच्या मालकाला कळणार नाही. तेव्हा ‘यादी कुणाची, तिच्यात भर कोण घालतो, तपासतो कोण’ ही माहिती ‘तपासणी’ शब्दाच्या मागोमाग आलीच पाहिजे. पण तुमचा मुद्दा रास्त आहे, ‘सरसकट’ हे वर्णन आहे, निकाल नाही.

सोळाआणे
अ‍ॅपलने ५ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केलेल्या योजनेत या शंकेवर उपाय होता: किमान दोन वेगळ्या देशांच्या अखत्यारीतल्या बालसुरक्षा संस्थांच्या याद्यांत जो हॅश समान असेल तोच घ्यायचा. आयक्लाउडवर (कंपनीच्या ऑनलाइन साठवणीत) चढणाऱ्या फोटोचा ‘न्यूरलहॅश’, म्हणजे कंपनीचा स्वतःचा दिसण्यावरून काढलेला हॅश, फोनवर काढायचा, जुळणीचा निकाल फोनलाही कळणार नाही असा बंद करून फोटोसोबत पाठवायचा, आणि एका खात्यात सुमारे ३० जुळण्या झाल्यावरच तो उघडून छाननीला द्यायचा. लोकांनी काही दिवसांतच न्यूरलहॅश फोनमधून बाहेर काढला आणि काडीचा संबंध नसलेल्या दोन चित्रांचा हॅश सारखा येतो हे दाखवलं. सप्टेंबरमध्ये योजना लांबणीवर पडली, डिसेंबर २०२२ मध्ये सोडून देण्यात आली.

‘एन्क्रिप्शन शाबूत राहील’, म्हणजे संदेशाचं कूटबद्ध कुलूप तुटणार नाही, या वाक्यावरही लाल शाई हवी. कुलूप शाबूत राहतं हे खरं, पण मजकूर कुलूप लावायच्या आधीच तपासला जातो. दोन्ही अर्धी एकाच वाक्यात लिहा.

टाकबोरू
‘फॉल्स पॉझिटिव्ह’ला (निर्दोष असून यंत्राने बेकायदा ठरवलेल्याला) ‘खोटा सकारात्मक’ असं एके ठिकाणी दिसलं.

सोळाआणे
भयंकर! यादीच्या बाबतीत ‘खोटी जुळणी’, अंदाजाच्या बाबतीत ‘चुकीचा अंदाज’, आणि ज्या माणसावर तो कोसळतो त्याच्या बाजूने ‘नाहक संशय’.

‘९९.९ टक्के अचूक’ हेही तसंच फसवं. समजा दिवसाला १०० कोटी फोटो तपासले आणि दर १० लाख निर्दोष फोटोंमागे १ चुकून जुळला. रोज सुमारे १,००० खोट्या जुळण्या. त्या दिवशी खरोखर बेकायदा फोटो १०० असतील आणि सगळे सापडले, तरी छाननीला आलेल्या १,१०० पैकी जेमतेम ९ टक्के खरे. तीस जुळण्यांची अट असल्याच गणितासाठी होती. ‘अचूक’ लिहिलं की कशाच्या प्रमाणात ते लिहा.

कलमदान
आणखी दोन. ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ टाळावं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात हा शब्दप्रयोग न वापरण्याचे निर्देश न्यायालयांना दिले आहेत. ‘बाल लैंगिक शोषणाची सामग्री’ लांब आहे, पण चालवावं लागेल. ‘आक्षेपार्ह मजकूर’ त्याच्या जागी बसत नाही. आक्षेप कुणालाही कशावरही असू शकतो.

युरोपीय आयोगाच्या मे २०२२ च्या प्रस्तावातल्या, कंपन्यांना अशी तपासणी करायला लावणाऱ्या ‘डिटेक्शन ऑर्डर’ला ‘शोध-आदेश’ म्हणता येईल, पण कशाचा शोध ते सांगून. मूळ प्रस्तावात माहीत असलेली सामग्री, नवी सामग्री आणि मुलांना जाळ्यात ओढणारं संभाषण अशा तिन्ही गोष्टी होत्या. पहिलीला जुळणी पुरते, उरलेल्या दोन अंदाजावर चालतात.

पैलथडी
अ‍ॅपमध्ये अशा तपासणीबद्दल जे विचारतात ती ‘परवानगी’ की ‘संमती’?

कानामात्रा
‘नाही’ म्हणून अ‍ॅप वापरता येत असेल आणि दिलेला होकार नंतर मागे घेता येत असेल तर संमती. कॅमेरा, मायक्रोफोन अशा एकेका गोष्टीचा वापर खुला करणं ही परवानगी. आणि पडद्यावर ‘ठीक आहे’ हे एकच बटण असेल तर त्याला ‘सूचना’ म्हणा.