थॅलेसेमिया : जनुक-संपादनासाठी थांबावं की आत्ताच प्रत्यारोपण करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाला बीटा थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे जनुकातल्या दोषामुळे त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन नीट बनत नाही. वय १४. नऊ महिन्यांचा होता तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. कुठल्या हाताची कुठली शीर आज चालेल हे आता तोच नर्सला सांगतो. पिशवी संपत आली की नळीतलं शेवटचं रक्तही आत जावं म्हणून हात अजिबात न हलवता बसून राहतो. मला ते बघवत नाही.

रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर २०० मिलिग्रॅमच्या आसपास लोह शरीरात येतं, आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. त्यासाठी डेफेरासिरॉक्स रोज चालू आहे. मध्यंतरी काही महिने त्याने गोळ्या चुकवल्या, आम्हाला ते उशिरा कळलं. फेरिटिन (शरीरात किती लोह साठलंय याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) आता २५००च्या वर आहे.

माझं एचएलए (दाता जुळतो का हे ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) त्याच्याशी जुळलं नाही. सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, हे आधी माहीत होतं, तरी रिपोर्ट हातात आल्यावर दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. बाबांचं अर्धं जुळतं. त्यांच्याकडून बोन मॅरो घेऊन प्रत्यारोपण करता येईल, विचार करा, असं डॉक्टर म्हणाले. घरचे म्हणतात, जीन एडिटिंग आलंय, थोडं थांबू.

म्हणून वाचायला बसले. मला समजलं ते लिहिते, चुकत असेल तर नि:संकोच सांगा. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर ते हळूहळू बंद पडतं आणि प्रौढ हिमोग्लोबिन सुरू होतं. माझ्या भावाचं बिघडलंय ते हे दुसरं. पहिलं बंद करण्यात बीसीएल११ए या जनुकाचा मोठा हात असतो. रुग्णाच्याच रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी काढून, क्रिस्परने (जनुक कापणाऱ्या कात्रीने) या जनुकाची फक्त लाल पेशींपुरती कळ, म्हणजे स्विच, निकामी करतात आणि पेशी परत देतात. मग गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं. बिघडलेलं जनुक तसंच राहतं, त्याला कुणी हातही लावत नाही! हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

कॅसजेव्ही नावाच्या या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३मध्ये मान्यता दिली. थॅलेसेमियासाठी अमेरिकेत ती जानेवारी २०२४मध्ये मिळाली, वय १२ आणि पुढे. चाचणीत पुरेसा काळ पाठपुरावा झालेल्या ३५ जणांपैकी ३२ जणांना सलग वर्षभर तरी रक्त लागलं नाही.

आता अडलंय ते इथे. पेशी परत देण्याआधी बुसल्फान देऊन जुना बोन मॅरो रिकामा करतात, म्हणजे केमोथेरपी टळत नाहीच. केमोशिवाय, नुसत्या इंजेक्शनने शरीरातच संपादन होईल तोवर थांबण्यात अर्थ आहे का? आणि बुसल्फानमुळे पुढे मूल न होण्याचा धोका असतो. चौदा वर्षांच्या मुलाशी हा विषय काढायचा कसा? कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, मी रक्ताच्या मूळ पेशींवर प्रयोगशाळेत काम करतो. डॉक्टर नाही, तेव्हा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

तुम्हाला बरोबर समजलंय. शरीरातल्या शरीरात संपादन यकृतात जमायला लागलंय. २०२५मध्ये अमेरिकेत एका तान्ह्या बाळाला त्याच्या एकट्याच्या जनुकदोषासाठी बनवलेलं औषध मेदाच्या अतिसूक्ष्म कणांत भरून दिलं गेलं. पण शिरेतून दिलेले हे कण मुख्यतः यकृतातच जातात. बोन मॅरोतल्या मूळ पेशींपर्यंत ते पुरेशा संख्येने पोचवणं फार अवघड आहे. त्या भरवशावर वर्षं घालवू नका.

कारण थांबण्याच्या काळात लोह साठतच राहतं. प्रत्यारोपण असो की संपादन, यकृत आणि हृदय जितकं चांगलं तितकं ते सोसतं. फेरिटिनवर विसंबू नका, साध्या संसर्गानेही ते वाढतं. हृदय आणि यकृतातलं लोह मोजणारा टी-टू-स्टार एमआरआय झालाय का? नसेल तर आधी तो करा.

दोन्ही वाटांत फरक असा, की स्वतःच्या पेशी असल्या की दात्याच्या पेशी शरीरावर उलटण्याची भीती नसते. संपादित पेशी रुजल्या नाहीत तर हाताशी असाव्यात म्हणून मूळच्या काही पेशी तशाच गोठवून ठेवतात. कात्री भलत्याच जागी चालली का, हे बघायला रुग्णांचा १५ वर्षं पाठपुरावा ठेवलाय. तितकी वर्षं अजून कुणाचीच झालेली नाहीत, हेही लक्षात असू द्या.

मुलाशी मात्र बोला. वयात आला असेल तर बुसल्फानच्या आधी वीर्य गोठवून ठेवता येतं. ते आधीच करावं लागतं.

धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. एमआरआय दोन वर्षांपूर्वी झालाय. पुन्हा करायला सोमवारीच सांगते.

काल रात्री त्याच्याशी बोलले. मी अडखळत होते, तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘रक्तातल्या पेशी बदलल्या तरी माझ्या मुलांना जाईल ते जुनंच जनुक ना?’ मी हो म्हटलं. त्यावर म्हणाला, ‘मग बायकोची तपासणी करावी लागेल. ती वाहक नसली तर मुलांना मेजर होणार नाही.’ हे त्याने कधी वाचलं मला माहीत नाही.

वीर्य गोठवण्याबद्दल डॉक्टरांना तोच विचारणार आहे. गोळ्या वेळेवर घेतोय. वयात येणं लोहामुळे लांबतं असं वाचलं आणि त्याच्या बाबतीत ती शंका आहे. तसं असेल तर या वयात काय करता येतं, कुणाला माहीत असेल तर सांगाल का?