लिटर्जी कमिटी हवीच कशाला?

बावखल: काल इथं कुणीतरी ठोकून दिलं, "चर्चमधल्या उपासनेची आखणी करणाऱ्या लिटर्जी कमिट्या गुंडाळा, मिस्सा, म्हणजे ख्रिस्तयाग, कशी करायची ते फादर बघतील." वाचून डोकंच फिरलं. फादर बदलीवर येतात नि जातात. ईस्टरच्या जागरणाला जुन्या करारातलीच सात वाचनं असतात, त्यांचे वाचक कोण बसवून तयार करतं? धर्मप्रांतात उपासना आयोग असावा, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, १९६३ मध्येच लिहून ठेवलंय. संगीत आणि कलेसाठीही मंडळं सांगितलीत.

कॉयरवाला: परिषद राहू द्या हो. आमच्या कमिटीत वेदीवर झेंडू की निशिगंध यावर रात्रीचे दहा वाजतात. आणि चर्चच्या कायद्यातला कॅनन ५३६ काय म्हणतो? पॅरिश कौन्सिलचं, म्हणजे धर्मग्रामाच्या मंडळाचं मतसुद्धा नुसतं सल्ल्यापुरतं. मग कमिटीला कोण विचारतो? लग्नाच्या मिस्सेत सिनेमाच्या चाली वाजतात, तेव्हा ही कमिटी असते कुठं?

समईवाली: सल्ल्याला किंमत नाही म्हणता? मिस्सा भारतीय पद्धतीनं करण्याचे १९६९ चे बारा मुद्दे आठवा. आपल्या बिशपांनी मागितलं, रोमनं मान्य केलं. चपला बाहेर, मांडी घालून बसणं, अंजलीहस्त, मेणबत्तीच्या जागी समई, आरती. फादर अमलोरपवदास आणि त्यांचं बंगळूरचं उपासना केंद्र झटलं म्हणून.

कॉयरवाला: आलीच आरती! माझी आजी हयातभर गुडघे टेकून प्रार्थना करत आली. तिला विचारलं होतं कुणी?

समईवाली: लॅटिन मिस्सा होती तेव्हा तरी कुठं विचारलं होतं?

कॉयरवाला: आजीवर जायचं काम नाही.

समईवाली: आजीला तुम्हीच आणलंत.

हरेगावकर: वसईकरांनो, जरा नगरकडेही बघा. आमच्या घरात समई कधीच नव्हती. गावात आरती व्हायची त्या देवळाची पायरी आमच्या आज्याला चढू देत नव्हते. तीच आरती 'भारतीय' म्हणून आम्हाला चर्चमध्ये दाखवता. डफ-हलगी भारतीय नाही का? दलित ख्रिस्ती धर्मपंडित हे कधीपासून बोलतायत. कमिटी ठेवा नाहीतर मोडा, आधी तिच्यात बसतं कोण ते सांगा.

समईवाली: ...हे मान्य. बारा मुद्द्यांत हलगी नाही. पण म्हणून समई विझवायची नाही.

हरेगावकर: विझवा कोण म्हणतंय, ताई? आम्हालाही जागा द्या एवढंच.

बावखल: अहो, विषय कमिटीचा होता!

कॉयरवाला: हाच विषय आहे. आमच्याकडे वर्षानुवर्षं तीच पाच घरं कमिटीत. हलगीवाला घेणार असाल तर मीही येतो बैठकीला. निदान त्या कीबोर्डचा रेडीमेड ताल तरी बंद होईल. झेंडूवर मात्र मी तोंड उघडणार नाही, आधीच सांगतो.