दुभत्या मेंढ्यांना व्हिटॅमिन: पावडर, इंजेक्शन की हिरवा चारा?

सांगे_गोठा
१२ दुभत्या मेंढ्या, सरासरी ४० किलोच्या. जानेवारीअखेरपासून भाताचा पेंढा, मेंढीमागे अर्धा किलो गाईचं पशुखाद्य आणि वर २० ग्रॅम गाईंचंच मिनरल मिक्श्चर. हिरवं जवळजवळ नाहीच. मे महिन्यात व्याल्या. दोन कोकरं मागच्या पायांनी ताठ चालतात, उठायला वेळ लावतात, पण पितात नीट. दूध पाऊण लिटरवरून अर्ध्यावर आलंय. दुकानदार लिव्हर टॉनिक आणि एडी३ई (ए, डी३ आणि ई व्हिटॅमिनचं) इंजेक्शन दोन्ही घ्या म्हणतो. काय द्यावं, किती?

डिचोली_पशुवैद्य
टॉनिकची बाटली दुकानातच राहू द्या. बी गट आणि के ही व्हिटॅमिनं पोटातले जंतूच बनवतात, सी यकृतात होतं. चारा-ऊन यांवर अवलंबून असतात ती ए, डी आणि ई. सुक्या पेंढ्यात ए आणि ई नसल्यात जमा. ए यकृतात साठतं, दोन-तीन महिने पुरतं. ई तेवढं साठत नाही आणि वारेतून गर्भाला फारसं जात नाही. कोकराला ते चिकातून मिळतं. आईच्याच अंगात नसेल तर चिकात कुठून येणार?

ताठ पाय आणि शाबूत भूक, हे ई आणि सेलेनियम या खनिजाच्या कमतरतेचं, स्नायू पांढरे पडण्याचं लक्षण दिसतंय. आधी सांधे चाचपा. गरम आणि सुजलेले असतील तर नाळेतून गेलेला संसर्ग, त्याचं औषध निराळं. सांधे ठीक असतील तर आजच डॉक्टरांकडून ई-सेलेनियम टोचून घ्या, कोकरू काट्यावर तोलून. सेलेनियमचा डोस आणि विष यांत फार अंतर नाही, म्हणून अंदाजाने नको. एडी३ईत सेलेनियम नसतं, त्यामुळे ते इथे पुरणार नाही.

पेडणे_चारा
आयांचं गणित असं. ४० किलोच्या दुभत्या मेंढीला रोज साधारण ७ हजार आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) ए आणि २०० आययू ई लागतं. किलोभर ताज्या हिरव्या गवतात ए भागून जातं, ई मात्र नाही. त्याला चार-पाच किलो हिरवं हवं. तेवढं मिळेपर्यंत पावडर.

१०० किलो आंबोणाला (पशुखाद्याला) ई ५० टक्के पावडर (१ ग्रॅममध्ये ५०० आययू) ८० ग्रॅम, आणि ग्रॅमला ५ लाख आययूची ए पावडर २.८ ग्रॅम. अर्धा किलो खाणाऱ्या मेंढीला यातून ७ हजार ए आणि २०० ई मिळतं. २.८ ग्रॅम थेट ढिगात टाकलं तर एका मेंढीला सगळं, दुसरीला शून्य. आधी किलोभर गव्हाच्या भुशात कालवा, मग १० किलोत, मग १०० किलोत. तुमच्या १२ मेंढ्यांना हे सोळा दिवस जातं, त्याहून जास्त एकदम करू नका. आपल्याकडच्या पावसाळी दमटात, त्यात मिनरलचं तांबं-लोखंड मिसळलं की ए आणि ई झपाट्याने मरतात. घट्ट झाकणाचा डबा, फळीवर, भिंतीपासून लांब.

माशाचं तेल घालायचा मोह होईल. खवट निघालं तर आहे ते ई पण खाऊन टाकतं.

वाळपई_शेळीमेंढी
इथे व्हिटॅमिनपेक्षा ते २० ग्रॅम मिक्श्चर मला जास्त टोचतंय. पिशवीवर तांबं बघा. ०.१ टक्का असेल तर रोज २० मिलिग्रॅम एवढं त्यातूनच. मेंढी दिवसाला दीड किलो सुकं खाते, किलोला १५ मिलिग्रॅमची मर्यादा धरली तर एकूण साडेबावीस. उरलेले अडीच पेंढा आणि पशुखाद्याने कधीच ओलांडलेत. गाय पचवते, मेंढी यकृतात साठवत जाते. मग वाहतूक, भूक, पाऊस अशा कुठल्याही ताणाला एकदम रक्तपेशी फुटतात: डोळे पिवळे, लघवी चहासारखी, दोन दिवसांत मेंढी गेली. आज बंद करा, तांब्याशिवायचं मेंढ्यांचं मिक्श्चर आणा. खुरांच्या सडक्याला मोरचूद (तांब्याचं सल्फेट) वापरत असाल तर तेही नको, १० टक्के झिंक सल्फेटमध्ये १० मिनिटं उभं करा.

सांगे_गोठा
पिशवीवर ०.१ टक्काच आहे, बंद केलं. सांधे थंड आहेत, डॉक्टर संध्याकाळी येतायत. लघवी साधी आहे. पण चार मेंढ्यांच्या खालच्या पापण्या आतून फिकट दिसल्या.

डिचोली_पशुवैद्य
ते व्हिटॅमिन नव्हे, बहुधा रक्त पिणारे जंत. पाऊस सुरू झाला की हेच दिसतं आणि लोक टॉनिक पाजत बसतात. डॉक्टरांना चौघींची लेंडी वेगवेगळ्या पुड्यांत द्या, जंताचं औषध वजनावर. दूध कमी होण्याचं मूळ तिथे आणि पेंढ्यात आहे. व्हिटॅमिनने ते चढणार नाही.

आणखी एक. कोकरांना रक्ती हगवण लागून अँप्रोलियम सुरू केलंत तर ठरल्या दिवसांपेक्षा लांबवू नका. ते बी१ अडवतं. मान मागे ताणून कोकरू आभाळाकडे बघायला लागलं, आंधळ्यासारखं भिंतीला धडकलं, तर तिथे मात्र बी१चं इंजेक्शन तासांत लागतं, किलोला १० मिलिग्रॅम, दर ६ ते ८ तासांनी.