पुन्हा पुन्हा त्याच गल्लीत जा
कॉलेज संपलं, आता विषय देणारं कुणी नाही, फोटो कशाचे काढू, असं तू विचारलं आहेस. वडोदऱ्यातच आहेस, तर ज्योती भट्ट यांचं काम नक्की बघ. मूळचे चित्रकार, १९६७ मध्ये लोककलेवरच्या एका परिसंवादासाठी गुजरातच्या खेड्यांत कॅमेरा घेऊन गेले आणि मग कित्येक वर्षं भिंतीवरची चित्रं, रांगोळ्या, गोंदणं टिपत राहिले. विषय कामातूनच सापडला.

मी दांडिया बाजारातल्या आमच्या घरापासून सुरुवात केली. सहा महिने फक्त आजीचं देवघर: समईच्या काजळीने काळवंडलेला कोनाडा, चंदन उगाळून मधोमध खोलगट झालेली सहाण. लग्नाच्या ऑर्डरी जरूर घे, घर त्यावर चालतं. पण प्रिंट काढून भिंतीवर लाव, स्क्रीनवर कळत नाही रे. भिंतीकडे बघतानाच मला उमगलं, की मला झिजलेल्या वस्तू ओढतात.