महाडीबीटी : ‘कुटुंबाचं उत्पन्न ८ लाख’ म्हणजे नक्की कुठलं उत्पन्न धरायचं?

फर्स्ट_इयर_वाला
नमस्कार मंडळी, इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षाला ॲडमिशन झालीय, ओपन कॅटेगरी, कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या राउंडला सीट लागली. आता महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा, म्हणजे जिला सगळे ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास) म्हणतात तिचा फॉर्म भरायला बसलोय आणि अटी वाचून डोकं चक्रावलंय. बाबा प्रायव्हेट कंपनीत आहेत, हातात महिन्याला ५५ हजार येतात, पीएफ आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता पगारातूनच कापला जातो. आई घरी शिवणकाम करते, त्याचे वर्षाला ५० हजार धरा. जूनमध्ये बाबांचं प्रमोशन झालं, म्हणजे यंदा ८ लाखाच्या वर जाणारच, मग मी बसतो का नाही? शिवाय बारावीनंतर मी एक वर्ष ड्रॉप घेतलेला आणि अटीत गॅप नको असं लिहिलंय. ताईने पण हीच घेतली होती, माझ्या मागे अजून एक भाऊ आहे आणि अट आहे की कुटुंबातली दोनच मुलं. अर्धी फी भरून झालीय, बाकीची कुठून आणायची हा घरात रोजचा विषय आहे. प्लीज कोणी नीट समजावून सांगा.

सेतू_केंद्र_चालक
दादा, आधी एक करा, हातात येणारा पगार डोक्यातून काढून टाका. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा असतो आणि तिथे पगार कपातीच्या आधीचा बघतात. पीएफ असो, सोसायटीचा हप्ता असो, घराचं कर्ज असो, यातलं काहीच वजा होत नाही. बाबांचा फॉर्म १६ (कंपनी देते तो वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कागद) काढा आणि त्यातला एकूण पगार बघा. समजा कपात महिन्याला ७ हजार आहे, तर ६२ हजार गुणिले १२ म्हणजे ७ लाख ४४ हजार, त्यात आईचे ५० हजार मिळवले की ७ लाख ९४ हजार. बसताय, पण अगदी काठावर. कंपनीने दिवाळीला बोनस दिला असेल तर तोही त्याच फॉर्म १६ मध्ये असतो, म्हणून अंदाजाने नको, कागद हातात घेऊन बेरीज करा. गावाकडे शेती असेल तर तेही उत्पन्न यात येतं.

आता प्रमोशनचं. अटीत मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न म्हटलंय, म्हणजे ३१ मार्चला जे वर्ष संपलं ते. जूनमधली पगारवाढ त्यात येत नाही. त्यामुळे घाबरू नका, पण दाखला काढताना त्यावर कुठलं वर्ष छापून आलंय ते तिथल्या तिथे वाचा, माझ्याकडे कित्येक पोरं जुन्याच वर्षाचा दाखला घेऊन येतात आणि मग अर्ज परत येतो.

थर्ड_इयर_मेकॅनिकल
गॅपचं टेन्शन घेऊ नको रे. ती अट कोर्स चालू असतानाची आहे, म्हणजे कोर्सच्या मधेच दोन किंवा जास्त वर्षं खंड पडला तर. बारावीनंतरचा ड्रॉप त्यात येत नाही, फॉर्ममध्ये मात्र ते वर्ष जसं आहे तसं दाखव, लपवायला जाऊ नको. ताई पहिली, तू दुसरा, म्हणजे तुझं बसतं. धाकट्याला मात्र ही योजना मिळणार नाही, हे घरी आत्ताच सांगून ठेव म्हणजे त्याच्या वेळेला धावपळ नको.

सगळ्यात महत्त्वाचं कोणी बोललंच नाही. सीट कॅपमधूनच हवी. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा कॉलेजच्या लेव्हलला घेतलेली सीट असेल तर उत्पन्न २ लाख असलं तरी ही शिष्यवृत्ती नाही, आणि अभिमत (डीम्ड) किंवा खाजगी विद्यापीठात असशील तरी नाही. तुझं कॅपचं आहे ना, मग ते अलॉटमेंट लेटर जपून ठेव. आणि एक, यात ट्यूशन फी आणि परीक्षा फी यांची ५० टक्केच मिळते, डेव्हलपमेंट फी वगैरे आपल्यालाच भरावी लागते, घरचा हिशोब तसा धरा. पुढच्या सेमिस्टरपासून हजेरी पण ५० टक्के लागते.

आई_दोन_मुलींची
मधेच विचारते, माझ्या मुलीकडे नॉन क्रीमीलेअर दाखला (ओबीसी वगैरे आरक्षणासाठी लागतो तो) आहे, त्यावर पण ८ लाखच असतं, मग उत्पन्नाचा दाखला वेगळा कशाला?

सेतू_केंद्र_चालक
ताई, आकडा सारखा आहे पण मोजायची पद्धत वेगळी. नॉन क्रीमीलेअर ठरवताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न त्या ८ लाखात धरत नाहीत, उत्पन्नाच्या दाखल्यात दोन्ही धरतात. त्यामुळे एकाच घरात नॉन क्रीमीलेअर मिळतं आणि उत्पन्नाचा दाखला मात्र ८ लाखाच्या वरचा येतो, असं होऊ शकतं. मुलगी व्यावसायिक कोर्सला कॅपमधून असेल तर एक नक्की बघा, २०२४-२५ पासून ८ लाखाच्या आतल्या ईबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी १०० टक्के माफ झालीय.

फर्स्ट_इयर_वाला
खूप आभार सगळ्यांचे, बाबांना फॉर्म १६ आणायला सांगितलाय. शेवटचं एक, एका ट्रस्टकडून पण वर्षाला थोडे पैसे मिळणार आहेत, ते फॉर्ममध्ये दाखवायचे का?

थर्ड_इयर_मेकॅनिकल
दाखवायचे. दुसरी शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन घेत नसावा अशी सरळ अट आहे. ट्रस्टकडून लेखी घे की ही शिष्यवृत्ती आहे का एकदाच दिलेली मदत, आणि ते पत्र घेऊन कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात जा, मगच सबमिट कर. एकदा सबमिट झालं की बदल करायला अर्ज कॉलेजकडून परत यावा लागतो, त्यात दिवस जातात. आणि जाताना बँकेत पण विचारून ये की आधार कुठल्या खात्याला सीड आहे, म्हणजे जोडलेलं आहे, कारण पैसे त्याच खात्यात पडतात, फॉर्ममध्ये तू कुठलं पासबुक जोडलंयस ते बघत नाहीत.