पुण्यात तिसऱ्या मजल्यावर बॉर्डर कॉली जातीचा कुत्रा जमेल का?

रानवाट: टू बीएचके फ्लॅट, लिफ्ट आहे, टेकडी दहा मिनिटांवर. आम्ही दोघंही नोकरीला, सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा घर बंद. मुलगी सहा वर्षांची. सकाळ-संध्याकाळ एकेक तास फिरवायची तयारी आहे. ब्रीडर म्हणतो, "चेंडू टाकून दमवा, मग गप पडून राहतो." खरं आहे का? आगाऊ रक्कम अजून दिलेली नाही.

माळरान: देऊ नका. फिरवायला दोन तास पुरतील, प्रश्न त्या साडेनऊ तासांचा आहे. पिल्लाला तर सुरुवातीला दर दोन तासांनी शू करायला न्यावं लागतं.

धनगरांचा कुत्रा कळपाची राखण करतो, लांडगा येईपर्यंत निवांत पडून असतो. बॉर्डर कॉली मेंढरं वळणारा. कोण हललं, कोण कळपातून फुटलं, हे तो सतत टिपत असतो. वेल्समधल्या बाला गावी १८७३ साली मेंढरं वळण्याची स्पर्धा झाली, तेव्हापासून या कुत्र्यांची पैदास रूपापेक्षा कामावर नजर ठेवून होत आली. दबा धरणं, टक लावणं, लांबून वळसा घालणं हे त्याला शिकवावं लागत नाही. फ्लॅटमध्ये मेंढरं नसतात, मग तो पंख्याची सावली वळतो, घड्याळाच्या काचेचा भिंतीवरचा कवडसा वळतो. याची एकदा सवय जडली की सुटणं फार कठीण. लेझरचा ठिपका तर कधीच दाखवू नका.

चेंडूचा सल्ला उलटा पडतो. रोज तासभर चेंडू टाकलात तर कुत्रा दमत नाही, त्याचा दम वाढतो, आणि घरी आल्यावरही तो पुढच्या चेंडूची वाट बघत उभा राहतो. त्यापेक्षा दहा मीटरची लांब दोरी हार्नेसला (गळपट्ट्याला नको) लावून त्याला हुंगत हुंगत चालू द्या. निम्मं खाणं गुंडाळलेल्या टॉवेलमध्ये लपवून शोधायला लावा. आणि चटईवर स्वस्थ पडणं हे बसणं-उठणं शिकवतो तसंच शिकवा: स्वतःहून हनुवटी टेकली की हळूच एक दाणा पुढ्यात.

पाऊलखूण: मुलीबद्दल. धावणाऱ्या मुलाला हा कुत्रा समोरून अडवतो किंवा टाचेला, पोटरीला दात लावतो. राग नसतो, वळणंच असतं, म्हणून ओरडून थांबत नाही. मान खांद्याखाली, शेपूट खाली, नजर रोखलेली, एक पंजा अधांतरी: हे दिसलं की लगेच हाक मारायची. धाव सुरू झाल्यावर त्याला ऐकू येत नाही असंच समजा. मुलीच्या मैत्रिणी खेळायला आल्या की मध्ये जाळीचं दार हवंच.

दवाखाना_रोज: आपल्याकडे खरजेवर आयव्हरमेक्टिन सर्रास देतात. कॉली गटात एमडीआर१ जनुकाचा दोष असतो (रफ कॉलीत बराच, बॉर्डर कॉलीत कमी, पण असतो) आणि तो असलेल्या कुत्र्यात खरजेच्या डोसाचं औषध मेंदूत साठतं. बाहुल्या विस्फारतात, लाळ गळते, झोकांड्या, मग बेशुद्धी. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर चाचणी होते. रिपोर्ट येईपर्यंत फाइलवर 'आयव्हरमेक्टिन नको' असं ठळक लिहून ठेवा. जुलाबावरचं लोपेरामाइडही घरच्या घरी देऊ नका. डोळ्यांच्या आनुवंशिक दोषासाठी (सीईए) आई-बापांपैकी निदान एकाचा डीएनए रिपोर्ट 'क्लिअर' (दोष नसलेला) हवा, म्हणजे पिल्लू बाधित निघत नाही.

उन्हाळ्यात खेळ सकाळी सातच्या आत. पाच ते पंधरा मिनिटांच्या जोरदार पळापळीनंतर काही बॉर्डर कॉलींचे मागचे पाय लटपटतात, ओळख हरवल्यासारखे बघतात. तिथेच थांबवा, सावलीत घ्या, पोट-मांड्यांवर पाणी ओता, वारा घाला. अर्ध्या तासात सावरला तरी तपासणी चुकवू नका. अंगावरचे केस भादरू नका, आतली मऊ लव विंचरून काढा, आठवड्यातून दोनदा.

रानवाट: पिल्लू नको हे पटलं. मोठा, घर शोधत असलेला कॉली मिळाला तर?

माळरान: दोन वर्षांपुढचा असेल तर विचार करा, त्या वयात स्वभाव दिसतो. तीन गोष्टी बघा. तुम्ही घरात ये-जा करताना वीस मिनिटं पडून राहतो का? दहा मीटरवरून स्कूटर गेली तर नाव घेतल्यावर मान वळवतो का? एकटा ठेवून तासाभराचं चित्रीकरण मागा. धापा, येरझाऱ्या, दाराशी ओरबाडणं दिसलं तर नको. आणि हे तिन्ही जमलं तरी दुपारी एकच्या सुमाराला घरी येणारं माणूस आधी ठरवा, कुत्रा नंतर.